डंकीची पाटी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी घराघरांत पितरांची घागर भरून झाली, आणि दुपार कलल्यावर सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली. निळा पत्रा, वर पांढरी अक्षरं. एका खांबावर ती मावेना म्हणून दोन खांब ठोकावे लागले, आणि दुसऱ्या खांबापायी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आपली टपरी हातभर सरकवावी लागली. पाटीवर लिहिलं होतं : समाजसेवक स्वर्गीय श्री सुपडूभाऊ सुकलाल बडगुजर मार्ग.

मार्ग कसला, बोळच तो. दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकाला ओट्यावर चढावं लागे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. पण त्या दिवशी हे कुणाच्या मनातही आलं नाही. नगरसेवकाने नारळ फोडला, गल्लीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपल्या दारात उभ्या असलेल्या मालतीबाईने पदर डोळ्यांना लावला. सुपडू बडगुजर तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष झालं होतं. आज त्याच्या नावाची पहिली घागर होती, आणि आजच गल्लीने त्याला एवढा मान दिला. तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, आतून भरून आलं.

मान उगाच नव्हता दिलेला. तीन वर्षांपूर्वी सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला, तेव्हा सगळी गल्ली मिळेल त्या गाडीने खानदेशात पळाली होती. कुणी चूल विझवली, कुणी नाही विझवली. सुपडूने तेवढं बायकापोरांना गाडीत बसवलं आणि आपण मागे राहिला. चाळीस घरांच्या किल्ल्या त्याने एका दोरीत ओवून गळ्यात घातल्या. गल्लीच्या मधोमध हातपंप होता. सुरतेत त्याला डंकी म्हणतात. ती बंद राहिली तर आतला चामड्याचा वायसर सुकतो आणि डंकी पाणी सोडते. म्हणून हा गडी सकाळ-संध्याकाळ एकटा डंकी हापसत राहिला, प्यायला गल्लीत काळं कुत्रंही नसताना. लोक पंधरा-वीस दिवसांनी परतले तर घरांना कुलपं जशीच्या तशी आणि डंकीला पहिल्या हापशात पाणी. असं माणूस गेल्यावर त्याचं नाव कुठंतरी लागावं असं लोकांना वाटलं, ते वाजवीच होतं.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती करणाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही, कारण ते सगळे पुरुष होते.

मालतीबाईने नवऱ्याचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं. बत्तीस वर्षांमागं, लग्न होऊन सासरी आली तेव्हा, नणंदांनी उंबऱ्यावर अडवल्यावर, उखाण्यात. तेही इतकं हळू की नणंदा म्हणाल्या, मोठ्यानं घे, आणि तिनं काही परत घेतलं नाही. पुढे मुलगा झाल्यावर तो 'वाल्मिकना बाप' झाला, लोकांशी बोलताना 'त्या' झाला, समोर असला की नुसतं 'आयकं का?' झाला. सासऱ्याचं नाव तर मनात घ्यायलाही जीभ अडे. आता पाटीवर दोघंही बाप-लेक शेजारी शेजारी बसले होते. आणि ही अडचण काही तिच्या एकटीची नव्हती. गल्ली सगळी एका गावची. सुपडू त्यांच्यात थोरला, म्हणजे गावनात्याने कुणाचा जेठ, कुणाचा सासरा. त्या गल्लीतली एकही सून ते नाव तोंडाने उच्चारणार नव्हती.

पहिले आठ दिवस काही बिघडलं नाही. लोक आधीसारखे 'डंकी'च म्हणत. मालतीबाईची नात छाया पहिली पास होऊन दुसरीत गेली होती. शाळेला सुट्टी असल्याने दिसेल ती पाटी वाचत हिंडायचं तिला वेड लागलं होतं. ती रोज खांबाखाली जाऊन उभी राही. "स... मा... ज... से... व... क," एवढं होई. पुढचं जोडाक्षर आलं की ती मान वर करून करून दमे आणि पानवाल्याच्या टपरीवरची पाटी वाचायला घेई. ती तिला यायची. तिच्यावर नुसतं 'पान' लिहिलं होतं.

मग वैशाखाची तलखी सुरू झाली आणि लूमच्या खात्यांवर, म्हणजे मागांच्या कारखान्यांवर, मंदी आली. वाल्मिक, म्हणजे मालतीबाईचा मुलगा, बारा तासांची पाळी करायचा. त्याचं खातं आता आठवड्यातले तीनच दिवस चालू लागलं. बाकीचे दिवस तो ओट्यावर बसून हाताची बोटं मोडी. गल्लीतल्या अर्ध्या घरांची हीच तऱ्हा. अशा वेळी चूल पेटती राहायची ती बायकांच्या धागाकटिंगवर. साडीच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे लोंबतात. ते कात्रीने एकेक करून, कापडाला चिरा न पाडता, कापायचे. मान मोडते, डोळ्यांत कापूस जातो, अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडतो. पण घरबसल्या काम. मालतीबाई अकरा घरांसाठी साड्यांचं पोटलं, म्हणजे गाठोडं, आणायची, वाटायची आणि मोजून परत द्यायची. कुणाच्या हातून साडी कातरली गेली तर बोल तिलाच.

आधी हे सोपं होतं. काशिनाथ टेम्पोवाला आपल्याच मुलखातला. तो गल्लीच्या तोंडाशी थांबून कपाळाला हात लावून ओरडायचा, "डंकीऽऽ!" आणि बायका हातातलं पीठ झटकत धावायच्या. होळीनंतर त्याच्या शेठनं धंदा आवरला. नवीन गोडाऊन उधन्याकडे. तिथं ज्या-त्या गल्लीनं येऊन एकदा मालाचं कार्ड करून न्यायचं होतं; पुढं पोटलं गोडाऊनच्या टेम्पोनं येणार होतं.

मालतीबाई सुनेला घेऊन गेली. सून वर्षा, चौथी शिकलेली, हुशार, पण लाजरी. जाळीमागं मेहता, म्हणजे गोडाऊनचा कारकून, बसला होता. तोंडात मावा, कानावर पेन.

"बेन, कई सोसायटी?"

"डंकी," मालतीबाई म्हणाली.

"डंकी तो चार छे बेन. नवागाममां बे डंकी, डिंडोलीमां बे डंकी. पाटिया पर शुं लख्युं छे ते बोलो."

मालतीबाईने खाली पाहिलं. तिने वर्षाला कोपरानं ढोसलं. वर्षा छताच्या पंख्याकडे पाहू लागली. तिचा सासराच तो. ती कशी घेणार?

"बोलो ने! नाम नथी गल्लीने?"

मागच्या रांगेतल्या बायकांत खसखस पिकली. मालतीबाईच्या कानशिलांतून घाम ओघळला. शेवटी वर्षाने मेहत्याकडून कागद मागून घेतला आणि खाली बसून, मांडीवर ठेवून, सगळं नाव लिहून दिलं. मेहत्याने चष्मा नाकावर घेतला आणि ते भर गोडाऊनला ऐकू जाईल असं वाचलं. 'सुपडू'शी तो अडखळला.

"सुपडु? एवुं ते कंई नाम होय?" तो हसला. त्याचं बघून हमालही हसला.

मालतीबाईला वाटलं, जाळीतून हात घालून तो कागद ओढून घ्यावा. ज्या नावाला तिने बत्तीस वर्षं ओठांची हवा लागू दिली नव्हती, त्यावर हा मावा चघळत हसत होता. सासूने तिला त्या नावाची गोष्ट सांगितलेली होती. म्हातारीची आधीची तीन लेकरं गेली. चौथं झालं तेव्हा तिने त्याला सुपात घालून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं आणि नजरेला सांगून परत आणलं, की बाई, हे टाकलेलं आहे, याच्याकडं बघू नको. आणि नावही तसंच ठेवलं, भुईसपाट, कुणाची नजर न जाणारं. त्या नावानं पोर जगलं. हे मेहत्याला कोण सांगणार?

मेहत्याने कागद रजिस्टरात चिकटवला आणि एक चिठ्ठी लिहून पोटल्यात टाकली. मग पोटल्यावर रंगाच्या पेननं गुजरातीत नाव घालायला घेतलं. 'समाजसेवक' एवढं लिहिता लिहिता गाठ आली आणि जागा संपली.

"बस. टेम्पोवाळो समजी जशे," तो म्हणाला.

दोन खेपा टेम्पोवाला खरोखर समजला. पण मालतीबाईच्या जिवाला घोर लागला. त्या भागात त्या वर्षी गल्लोगल्ली समाजसेवक झाले होते. जो मेला तो समाजसेवक, आणि ज्याच्या नावाची पाटी नाही तो जणू मेलाच नाही. एक रेल्वेफाटकाजवळ, एक पाण्याच्या टाकीजवळ, आणि तिसरे तिचे.

सुट्टीच्या दिवशी देवळाच्या ओसरीवर गल्लीची मीटिंग बसली. गटाराच्या फरश्या बसवायच्या होत्या. पंडितभाऊ प्रमुख. सुपडूच्या जोडीनं सुरतेला आलेला, एकाच खात्यावर शेजारच्या लूमवर उभा राहिलेला माणूस. फरश्यांचं झाल्यावर मालतीबाई बायकांच्या घोळक्यातून उठली. असं ती कधी उठली नव्हती.

"पंडितभाऊ, एक सांगनं व्हतं. ती पाटी जरा लहान करा."

पंडितभाऊ समजला नाही. "लहान म्हंजे? पत्रा लहान?"

"नाव लहान. नुसतं 'डंकी' लिखा. बठा तेच म्हनतस."

मग एक जण म्हणाला, "वहिनी, भाऊनं नाव तुम्हीच काढाले लाई ऱ्हायनात?" दुसरा म्हणाला, "नाव मोठं म्हंजे मान मोठा." तिसऱ्यानं तर असं पाहिलं की जणू वर्षभरात ही नवऱ्याला विसरली.

मालतीबाईचं तोंड लाल झालं. पण बसली नाही.

"तुम्ही मानसं सकायले खातावर जातस, रातले येतस. पत्ता कोनले सांगना पडस? गोडाऊनवाला आम्हले इचारस, दवाखानावाला आम्हले इचारस, रिक्षावाला आम्हले इचारस. आते मी तुम्हले इचारस. हाई गल्लीमा एक बाई दखाडा, जी ते नाव तोंडवर ली सकस."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी चप्पल सरळ केली. त्यांच्या बायका मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि प्रत्येकीची नजर जमिनीवर होती. एका तरण्यानं वेळ मारून नेली : "आते नवा जमाना उना, काकू. ली लेवानं नाव. काय हुई?" दोघे-तिघे हसले. तेवढ्यानं, ज्याला काय बोलायचं ते सुचलं नव्हतं त्यालाही सुटल्यासारखं झालं.

पंडितभाऊ मात्र हसला नाही. तो मीटिंगीत नेहमी पुस्तकातली मराठी बोलायचा, 'सदर विषयावर' वगैरे. आता ती त्याला आठवेना.

"वहिनी," तो म्हणाला, "प्लेगमा पयला पळना तो मी. घरनी किल्ली भी मी धड दिन्ही नही, त्याना आंगवर फेकी. आनि तो मन्हा घरना दारसमोर झोपना. आते त्याना नावमाईन एक अक्षर कमी कर म्हनशात, ते माले नही जमाव. मन्हा हात नही उठाव."

मालतीबाईला उत्तर येत होतं, पण समोरच्याचं दुःख खरं असलं की वाद घालवत नाही. ती खाली बसली. घरी येताना वर्षा पुटपुटली, "आत्याबाई, तुम्ही खरं बोलनात." मालतीबाई म्हणाली, "खरं बोलीसन काय हुयनं? चाल, कात्र्या काढ."

त्यानंतरच्या सोमवारी पोटलं आलं नाही.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी अकरा घरच्या बायका कात्र्या घेऊन ओट्यावर येऊन बसल्या आणि रित्या हातानं उठल्या. बुधवारी सांजेला माल परत गेला नाही तर कार्ड कटणार होतं. मेहत्यानं हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मंदीच्या दिवसांत कार्ड कटलं तर दुसरं कोण देणार? शेजारची छबी, जिचा नवरा महिनाभर घरी बसून होता, ती नुसती मालतीबाईच्या तोंडाकडे बघत राहिली. ते बघणं शिवीपेक्षा वाईट होतं.

टेम्पोवाला कोपऱ्यावर सापडला. "दिया ना, बाई. समाजसेवकवाली गली में दिया. कल ही दिया."

"कोनता समाजसेवक?"

"वो मेरे को क्या पता? पोटले पे जो लिखा था वो."

वर्षाला मागच्या उरलेल्या साड्या संपवायला बसवून मालतीबाई एकटी निघाली. ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं. ती आधी पाण्याच्या टाकीकडच्या गल्लीत गेली. तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. तिथून ती रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे गेली. फाटक बंद होतं, भुसावळकडची गाडी जाईपर्यंत तिनं डोक्यावर पदर धरून उभ्यानं वाट पाहिली. पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशीही निळी पाटी, तसेच दोन खांब. चौथ्या ओट्यावर पोटलं दिसलं. तेच. गाठ सुटलेली, आणि तीन बायका साड्या मांडीवर घेऊन बसलेल्या.

"हाई पोटलं आमनं शे, बाई," मालतीबाई ओट्याखाली उभी राहून म्हणाली.

मधली बाई उठली. प्रमिलाबाई तिचं नाव. त्या गल्लीचं पोटलं ती वाटायची. अंगानं भरलेली, बोलायला सडेतोड.

"तुमनं कसं? वर दख. समाजसेवक लिखेल शे. हाई समाजसेवकनी गल्ली शे."

"आमनी बी समाजसेवकनीच शे."

"कोनती?"

"डंकी."

"डंकी आमले बी शे. ती काय." प्रमिलाबाईने गल्लीच्या टोकाला बोट दाखवलं. खरंच होती. "मांगला साले एक बाई आशीच उनी, रडनी, पोटलं ली गयी. मांगून खरीवाली उनी. मन्हं कार्ड दोन महिना बंद पडं. आते मी कोनले आशी देस नही. आतमा चिठ्ठी शे, तिनावर पुरं नाव शे. तू सांग. जुळनं ते ली जाय. मन्ही आंडेर वाची दखाडी."

तिची मुलगी चिठ्ठी हातात धरून उभी राहिली, नववी-दहावीतली, वेण्या घातलेली.

मागणी वाजवी होती. प्रमिलाबाईच्या जागी मालतीबाई असती तर तिनंही हेच केलं असतं. पण लिहिलेला कागद गोडाऊनच्या रजिस्टरात चिकटलेला. घरी जाऊन वर्षाकडून लिहून आणावं तर जायला-यायला तासाच्या वर, आणि तोवर इथं अर्ध्या साड्या कापून झाल्या असत्या. मग बाई म्हणणार, काम आमचं झालं, आता कसलं नेतेस. आणि कागद आणला तरी काय? ही पोरगी तो वाचणार. 'सुपडू' म्हणताना हसणार. आज नाही हसली तर उद्या कुणी हसेल. परक्यांनी ते नाव वाचायचं, आणि आपण मान खाली घालून ऐकायचं.

तिला मेहत्याचं हसणं आठवलं, आणि तिला राग आला. मेहत्यावर नाही, पाटीवर नाही. आपल्याच गप्प बसण्यावर.

"सुपडू," ती म्हणाली.

शब्द केवढासा तो. एवढासाच होता तर. इतकी वर्षं तिनं तो आत धरून ठेवला तेव्हा तिला तो फार जड वाटला होता. बाहेर पडला आणि उन्हात उभा राहिला. तिनं ओट्याची कड धरली आणि सासऱ्याचं नावही घेतलं.

"सुपडू सुकलाल बडगुजर."

मुलगी चिठ्ठीत बघून म्हणाली, "त्यानं आधी आजून शे. समाजसेवक स्वर्गीय..."

"गप बस," प्रमिलाबाई म्हणाली.

तिनं मालतीबाईच्या कपाळाकडे पाहिलं. तिथं कुंकू नव्हतं. मग ओट्याची कड घट्ट धरलेल्या तिच्या हाताकडे पाहिलं. आणि एकदम आपला पदर डोक्यावरून ओढून घेतला, जसा घरात वडीलधारं माणूस आल्यावर घेतात. बाकीच्या दोघींनी मांडीवरच्या साड्या न बोलता घडी घालून ठेवल्या.

"तुना मानूस व्हता का, बाई?"

मालतीबाईने मान हलवली.

"माले काय ठाऊक, माय. माले सांगती ते मी आशीच देई देती." प्रमिलाबाई पोटल्याची गाठ मारू लागली. गाठ मारता मारता तिचाही राग बाहेर पडला. "ह्या मानसंसले काय कयस? आमनी पाटीवरला समाजसेवक मन्हा सक्का जेठ शे. मी कोठे नाव लेस? मी 'पटरी' म्हनीसन पत्ता सांगस. मन्हं बी पोटलं दोनदा टाकीवाल्यासकडे गयं."

तिनं पाणी दिलं. पोटलं उचलून स्वतः मालतीबाईच्या डोक्यावर ठेवलं आणि फाटकापर्यंत मागं आली.

मालतीबाई घरी गेली नाही. गल्लीत शिरल्यावर पाटीखालून, तिच्याकडे न बघता, ती सरळ पंडितभाऊच्या ओट्यावर गेली. त्याचंही खातं त्या दिवशी बंद होतं. तो बनियनवर बसून विडीचं बंडल चाचपत होता. तिनं पोटलं त्याच्यापुढं उतरवलं. चुंबळ हातातच राहिली.

"पंडितभाऊ, आज मी त्यासनं नाव लिनं."

पंडितभाऊ उठून उभा राहिला.

"पटरीपल्याड. परकी बायांसमोर. हाई पोटलासाठे." तिला धाप लागली होती. "बत्तीस वरीस मी ते जपेल व्हतं. त्या गयात तवय बी मी रडनू ते बिगरनावनी रडनू. आते एकदाव लिनं, लागनं ते. पन माले रोज लेवाले लावू नका. पोटलासाठे, राकेलसाठे, रिक्षासाठे. त्यासनं नाव आसं झिजाडू नका, भाऊ. मी तुम्हना पाया पडस."

ती वाकली. पंडितभाऊने पाय मागं घेतले. मग तो घरात गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लूमचा पाना होता.

"चाल रे वाल्मिक," त्यानं समोरच्या ओट्यावर हाक मारली. "पाटी उतरावनी शे. हाऊ हात आते उठस का दखू."

एकट्याच्यानं बोल्ट फिरेनात. दोघांनी मिळून ते सोडवले. काही जण भांडायला आले, नगरसेवक काय म्हणेल म्हणाले. पंडितभाऊ म्हणाला, त्याले मी दखसू. पाटी मोडीत गेली नाही. ती देवळाच्या ओसरीवर आतल्या भिंतीला लावली, समाजसेवक आणि स्वर्गीय सकट. तिथं ती शोभली. तिथं कुणाला तिच्यावरून पोटलं मागायचं नव्हतं. ज्यांना मोठं नाव वाचून हात जोडायचे त्यांनी जोडावेत.

माल बुधवारी सांजेला परत गेला. अकराही घरांतल्या बायकांनी जेवण सोडून कात्री चालवली, आणि छबीचा नवरा न सांगता घड्या घालायला बसला. दोन दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी एकाच खांबावर वीतभर पत्रा लागला. वर 'डंकी डिंडोली' एवढं लिहिलं. मेहत्याच्या रजिस्टरात तेवढंच नाव चढलं, आणि पोटल्यावर ते गाठीच्या अलीकडेच संपू लागलं. फाटकापलीकडे काही दिवसांनी 'पटरी' असा पत्रा लागल्याचं कळलं, आणि डिंडोलीत 'डंकी' नावाची एकच गल्ली उरली. पानवाल्याने टपरी परत जागेवर सरकवली.

पंडितभाऊच्या मनाला मात्र चैन नव्हतं. त्यानं वाल्मिकला घेऊन डंकीभोवतीचा फुटका ओटा उकरला आणि नवीन सिमेंट घातलं. ते ओलं असताना त्यानं वाल्मिकच्या हातात खिळा दिला. वाल्मिकनं बापाचं नाव कोपऱ्यात कोरलं, पाय पडणार नाही अशा जागी. आधी स्वर्गीय नाही, पुढं बडगुजर नाही. म्हातारीनं सुपात घालून ठेवलं होतं तेवढंच.

सिमेंट वाळल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मालतीबाई घागर घेऊन डंकीवर आली. सातआठ बायका आधीच रांगेत होत्या. सगळ्यांना ती अक्षरं दिसत होती आणि सगळ्या दुसरीकडे पाहत होत्या. छाया आजीचा पदर धरून आली होती. तिला नवीन पाटी सापडली. ती खाली उकिडवी बसली आणि अक्षरांतून बोट फिरवू लागली.

"सु... प... डू," ती म्हणाली. मग वर बघून, 'पान' सोडून पहिल्यांदाच एखादी पाटी पुरी वाचता आली म्हणून आनंदानं, ओरडून म्हणाली, "सुपडू!"

रांगेतल्या बायकांचे हात थबकले. वर्षा घाईनं पुढं झाली. "गप वं! तुन्हा आजलानं नाव शे ते. आसं वरडतस का?"

"वाचू दे तिले," मालतीबाई म्हणाली. तिनं घागर डंकीखाली ठेवली आणि दांडा धरला. "परत वाच, बाई. मोठ्यानं वाच."

छायानं परत वाचलं, मोठ्यानं. मालतीबाई डंकी हापसू लागली. पहिल्या हापशाला पाणी आलं. घागर भरली, काठावरून वाहू लागली, नव्या ओट्यावरून पाणी त्या तीन अक्षरांपर्यंत गेलं, तरी तिचा हात थांबला नाही, आणि रांगेतल्या कुणीही तिला घागर भरल्याचं सांगितलं नाही.